नाना सव्वीस ठिकाणी

"माऊस? माऊस ही कंप्युटरची कुबडी आहे! ज्याला स्वतःचे पाय आहेत त्याने कुबडी घेऊन कशाला हिंडायचं?"

हे वाक्य कमांडर दिवसातून निदान तीनदा बोलत असे. नुसतं बोलून थांबेल तो कमांडर कसला! रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने आपला माऊस वायरीत गुंडाळून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला होता. त्याच्या पडद्यावर चित्रं नसत, रंग नसत. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची आणि मग हात खांद्यापर्यंत उंच नेऊन एंटरवर आपटायचा. दर महिन्याला एक कीबोर्ड लागे, पण रुबाब म्हणाल तर विचारू नका!

त्याचं खरं नाव कार्यालयात कोणालाच आठवत नव्हतं. कमांड देतो म्हणून कमांडर. हे नाव आपल्याला आदराने मिळालं आहे अशी त्याची ठाम समजूत होती, आणि ती मोडण्याइतका वाईट माणूस त्या कार्यालयात कोणी नव्हता.

कार्यालय नकाशांचं. जमिनीचे, रस्त्यांचे, नदीनाल्यांचे नकाशे तिथे तयार होत. एका लांबलचक हॉलमध्ये चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पडदा आणि एक कीबोर्ड. डोकं मात्र सगळ्यांचं मिळून एकच, मागच्या खोलीत काचेआड घुरघुरणारं मोठं यंत्र. सकाळी आलं की प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकून त्या यंत्रात शिरायचं. एकदा शिरलं की ते एक सेशन. यंत्रात कोण शिरलंय, कधी शिरलंय, याची यादी ते यंत्र सांभाळणारा कमांडर एका ओळीत काढू शकत असे आणि दुसऱ्या ओळीत कोणालाही बाहेर काढू शकत असे. "एका एंटरमध्ये उचलबांगडी!" असं तो चुटकी वाजवून सांगे.

त्या दिवशी कमांडरच्या प्रोबेशनचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचच्या आत कायम झाल्याची ऑर्डर निघायची होती आणि ऑर्डरसोबत कर्मचारी वसाहतीतल्या दोन खोल्यांची किल्ली. पाचच्या आत निघाली नाही, तर खोल्या प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला. या दोन खोल्यांवर कमांडरचा किती जीव होता ते समजायला त्याची सध्याची झोपण्याची जागा पाहायला हवी. लग्न होऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून नवराबायको सासुरवाडीच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपत. सोफा पसरला की पलंग होई, आणि सकाळी सहाला सासरेबुवा टीव्हीवर बातम्या ऐकायला येऊन त्याच पलंगाच्या टोकाला, म्हणजे कमांडरच्या पायांवर बसत.

सकाळी निघताना बायको दारापर्यंत आली होती. हळूच म्हणाली, "आज ऑर्डर घेऊनच या हं. बाबा यापेक्षा मोठा टीव्ही बघून आलेत."

आता अशा दिवशी शहाण्या माणसाने काय करावं? गपचूप खुर्चीत बसावं, दिसेल त्याला नमस्कार करावा आणि पाच वाजायची वाट बघावी. पण कमांडरला वाटलं, शेवटच्या दिवशी काहीतरी करून दाखवावं. कार्यालयप्रमुख मॅडमच्या डोळ्यांत भरेल असं!

म्हणून त्याने यादी काढली. काढली आणि खुर्चीतून अर्धा उठलाच. चाळीस लोकांची चाळीस नावं होती, ती ठीक. पण त्यांच्याखाली एकच नाव ओळीने सव्वीस वेळा होतं. नाना, नाना, नाना, थेट पडद्याच्या तळापर्यंत नाना!

नाना म्हणजे या कार्यालयाचे मुख्य आरेखक. ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. कमांडरने त्यांना फक्त भिंतीवरच्या निरोप समारंभाच्या फोटोत पाहिलं होतं.

"चार वर्षं!" कमांडर स्वतःशीच पुटपुटला. "माणूस घरी गेला आणि सव्वीस सेशनं इथेच राहिली. यंत्र मंद चालतं ते उगाच नाही!"

यादीत तारखेचा रकाना होता. तो नीट पाहिला असता, तर यातली बरीचशी सेशनं याच आठवड्यातली आहेत हे कळलं असतं. कोणत्या टेबलावरून आहेत त्याचा क्रमांकही होता, पण अवघ्या मुलखाचे नकाशे काढणाऱ्या त्या कार्यालयात आपल्याच टेबलांचा नकाशा मात्र कोणी काढलेला नव्हता. आणि हॉलमध्ये जाऊन कोणाला विचारावं, तर कमांडरचा कमीपणा! त्याने नाव पाहिलं आणि त्याच्या अंगात वीरश्री संचारली.

काम रीतसर व्हावं म्हणून त्याने आधी परिपत्रक लिहिलं. 'निवृत्त व्यक्तीचे लॉगिन यापुढे तत्काळ बंद करण्यात येईल. ते पुन्हा उघडायचे झाल्यास सदर व्यक्तीने स्वतः हजर राहून, सहीनिशी अर्ज करून, नवा पासवर्ड स्वहस्ते टाकावा.' स्वहस्ते हा शब्द लिहून झाल्यावर त्याने तो स्वतःच दोनदा वाचला, इतका आवडला. परिपत्रक सह्यांच्या फाइलमध्ये घातलं. मॅडमनी फोनवर बोलता बोलता अकरा सह्या केल्या, त्यात हीही झाली. एक प्रत त्याने मुख्य कार्यालयाला ईमेलने धाडली आणि पुरावा म्हणून सव्वीस नानांची यादी सोबत जोडली.

मग तो काळ्या पाटीसमोर बसला. टर्मिनेट-युजर, एक जागा सोडून नाना. हात खांद्यापर्यंत वर गेला आणि धाडकन खाली आला! मागोमाग आणखी एका ओळीत त्याने ते लॉगिन कुलूपबंद करून टाकलं.

हॉलमधून एकाच वेळी "अरे!" असा आवाज आला. मग कोपऱ्यातला मोठा प्लॉटर, जो सकाळपासून खर्र खर्र करत दीड मीटर रुंदीचा नकाशा छापत होता, तो थांबला. 

कमांडर फोन वाजायची वाट बघत होता. एरवी कोणाचा पडदा पाच मिनिटं बंद राहिला तरी लोक त्याचं डोकं खात. आज एक फोन नाही, एक तक्रार नाही! "बघा," तो मनात म्हणाला, "सव्वीस सेशनं मारली आणि कोणाला पत्ताही नाही. सफाई असावी तर अशी!"

दहा मिनिटांनी आरेखकबाई आल्या. हॉलमधल्या सगळ्यात जुन्या. कधी त्याच्या खोलीत पाऊल न टाकणाऱ्या बाई आज दारात उभ्या राहून पदराशी चाळा करत होत्या.

"काय हो कमांडर, नानांचं काही कळलं का?"

"नानांचं? काय कळायचं?"

"नाही, सहजच. आज सकाळपासून एकसारखी आठवण येतेय हो त्यांची." एवढं बोलून त्या गेल्या.

त्या गेल्या आणि प्लॉटर चालवणारा आला. हा माणूस एरवी कोणाशी बोलत नसे, सगळे त्याला मुनी म्हणत. मुनी म्हणाला, "नाना फार चांगले होते."

"होते म्हणजे? आहेत की!"

"तेच म्हणतो. असायला हवेत. इथेच."

मग एकामागून एक रांगच लागली. कोणी नानांच्या अक्षराचं कौतुक केलं, कोणी नानांच्या स्वभावाचं. एक आरेखक तर नानांचं नाव घेऊन चक्क रडकुंडीला आला. त्याचं कॅनॉलचं काम संध्याकाळी पाचला द्यायचं होतं हे कमांडरला कुठून ठाऊक असणार! कमांडरने खिशातून रुमाल काढला. केवढं हे प्रेम! निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी माणसं विसरत नाहीत. आपण कायम झालो की आपल्यावरही लोकांनी असाच जीव टाकावा, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात खुद्द मॅडम आल्या. हातात परिपत्रक.

"कमांडर, हे... हे नानांचं आजच करणं गरजेचं होतं का?"

"मॅडम, चांगल्या कामाला मुहूर्त कशाला?"

"हो, ते खरं. पण समजा, एखाद्याच्या पडद्यावर, म्हणजे माझ्या नव्हे, एखाद्याच्या, अचानक सगळं गेलं असेल तर?"

"कोणाचं गेलं मॅडम? नाव सांगा, आत्ता बघतो!"

 मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्या आल्या पावली परत गेल्या.

शेवटी तीन वाजता आस्थापनेच्या ताई आल्या. ऑर्डरी काढणं हे त्यांचं काम. स्वभावाने रोखठोक. त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अहो शहाणे, तुमची ऑर्डर निम्मी टाइप झाली होती."

"मग?"

"मग काय? नाना गेले ना!"

"नानांचा आणि माझ्या ऑर्डरचा काय संबंध?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "आता सांगतेच. तसंही कोणीतरी सांगायलाच हवं."

आणि त्यांनी सांगितलं ते ऐकताना कमांडरचा चेहरा हळूहळू त्याच्या पडद्यासारखा काळा पडत गेला. मोठं यंत्र आलं तेव्हा नकाशा मंजूर करायचा, ऑर्डर मंजूर करायची, मोठ्या प्लॉटरवर छापायचं, हे सगळे अधिकार फक्त मुख्य आरेखकाच्या लॉगिनला दिले गेले. इतरांनाही अधिकार द्यावेत म्हणून नऊ वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाला अर्ज गेला. तो विचाराधीन होता. नाना निवृत्त झाले, त्यांच्या जागी माणूस द्यायचा अर्ज गेला. तोही विचाराधीन होता. काम कसं थांबवणार? तेव्हापासून अख्खं कार्यालय सकाळी स्वतःच्या नावाने हजेरीपुरतं शिरे आणि मग त्यातले सव्वीस जण नानांच्या नावाने दिवसभर काम करत. संध्याकाळी लॉग आउट करायची पद्धतच नव्हती. पडदा बंद करायचा आणि घरी जायचं.

"पण पासवर्ड? सगळ्यांना पासवर्ड कसा ठाऊक?"

ताईंनी त्याला हात धरून हॉलमध्ये नेलं. तिथे भिंतीभर मोठा नकाशा टांगलेला होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात, दोन ओढ्यांच्या मधे, मुंगीएवढ्या अक्षरांत एका गावाचं नाव होतं. शेजारी लोकसंख्या. "असं गाव जगात नाही," ताई म्हणाल्या. "गाव आणि लोकसंख्या मिळून पासवर्ड. चार वर्षांत तीन तपासण्या झाल्या, एका साहेबाने तर त्या गावी आपण जाऊन आल्याचंही सांगितलं."

सगळा हॉल कमांडरकडे बघत होता. आता कोणाला नानांची आठवण येत नव्हती. आता सगळ्यांना कमांडरचा गळा आवळायचा होता.

"एवढंच ना?" कमांडर उसन्या धीराने म्हणाला. "एका ओळीत उघडतो! कुलूप मीच घातलंय."

"नाही उघडता येणार." मॅडम केबिनच्या दारात उभ्या होत्या. "मुख्य कार्यालयाचं उत्तर आलंय."

"उत्तर? मुख्य कार्यालयाचं?" मुनीसुद्धा बोलला.

"दहा मिनिटांत आलं. 'उपक्रम स्तुत्य. परिपत्रकाची काटेकोर अंमलबजावणी व्हावी व अहवाल आज पाचपर्यंत पाठवावा.'" मॅडमनी कागद खाली केला. "स्वतः हजर राहून, सहीनिशी, स्वहस्ते. तुमचेच शब्द आहेत, कमांडर. आता नानांना घेऊन या."

कमांडर धावला. नानांचं घर तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी उघडलं. आत नाना स्वयंपाकघरात स्टुलावर उभे राहून फळीची लांबी मोजत होते. भिंतीला एक आराखडा टाचलेला होता. त्यात प्रत्येक डबा, प्रत्येक बरणी, प्रमाण एकास दहा, उत्तर दिशेचा बाण वगैरे सगळं होतं.

"काकू, नानांना जरा कार्यालयात न्यायचं होतं. तासाभरासाठी..."

"न्या!" काकू म्हणाल्या. "तासाभरासाठी कशाला? सावकाश आणा! चार वर्षं मला माझ्याच घरात मीठ सापडत नाहीये!"

नाना स्टुलावरून उतरले. कमांडरने सोबत आणलेली यादी त्यांच्यापुढे धरली आणि धापा टाकत सगळं सांगितलं. नानांनी चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली. पहिल्या नानापासून सव्विसाव्या नानापर्यंत, बोट ठेवून.

"म्हणजे निवृत्त झाल्यापासून मी रोज हजर होतो?"

"हो नाना."

"सव्वीस ठिकाणी?"

"हो."

नाना काकूंकडे वळले. "ऐकलंस? आणि तू म्हणतेस मी दिवसभर काही करत नाही!"

नाना निघायला तयार झाले, पण असेतसे नाही. दाढी, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. या सगळ्यात कमांडरच्या कपाळावर घाम जमला. ते कार्यालयात पोचले तेव्हा सव्वाचार वाजले होते.

हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. आरेखकबाईंचे डोळे खरोखरच भरून आले. नानांनी सगळ्यांची विचारपूस केली, प्लॉटरवरच्या अर्धवट नकाशात दोन चुका दाखवल्या, अर्जावर वळणदार सही केली आणि मग त्यांना कीबोर्डसमोर बसवण्यात आलं.

"नाना, इथे नवा पासवर्ड टाका. स्वहस्ते."

नानांनी कीबोर्डकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पडद्याच्या मागे वाकून पाहिलं.

"हे कुठून सुरू होतं?"



"नाना," कमांडरचा आवाज चिरकला, "तुम्ही अकरा वर्षं यावर काम केलंत ना?"

"छे! मी आपला पेनाने काढायचो. ते यंत्रातलं या बाई करायच्या. मी मागे उभा राहून 'हं' म्हणायचो. 'हं' म्हटलं की मंजूर."

आरेखकबाई जमिनीकडे बघू लागल्या. म्हणजे या लॉगिनमध्ये पहिल्या दिवसापासून नाना सोडून सगळे शिरले होते! कमांडरला चक्कर यायची बाकी होती, पण घड्याळात चार वीस झाले होते आणि चक्कर यायलाही सवड नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, नानांचं बोट आपल्या हातात धरलं आणि एकेक अक्षर गिरवून घ्यावं तसं दाबून घेऊ लागला. खालच्या खणातला माऊस त्याने मुकाट्याने काढून आणून चित्रांचा पडदा सुरू केला होता, कारण काळी पाटी बघून नाना म्हणाले होते, "लाइट गेलेत वाटतं."

"पासवर्ड काय ठेवू?" नानांनी विचारलं.

"कोणाला सांगू नका नाना, मनातल्या मनात..."

पण नानांना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे. त्यांनी प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणून टाइप केलं. मागे पंचवीस माणसं खाली मान घालून लिहून घेत होती. मॅडमनी हातावर लिहिलं.

चार चाळीसला लॉगिन उघडलं! पडदे भराभर उजळले. प्लॉटर खर्र करून पुढे सरकला. कॅनॉलवाल्या आरेखकाने हुश्श केलं. आस्थापनेच्या ताई आपल्या टेबलाकडे अक्षरशः पळाल्या आणि पळता पळता ओरडल्या, "कमांडर, दहा मिनिटांत ऑर्डर देते!"

कमांडर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला आता दोन खोल्या दिसत होत्या. रिकाम्या, पांढऱ्या आणि टीव्ही नसलेल्या. त्याने बायकोला फोनही लावला. "होतंय गं, होतंय! चादरी बांधायला घे!"

तेवढ्यात मॅडमनी केबिनमधून हाक मारली. त्यांचा आवाज कमांडरला जरा विचित्र वाटला.

"मुख्य कार्यालयाचं दुसरं पत्र आलंय. तुम्ही जोडलेली यादी त्यांनी वाचली."

"मग? खूश आहेत ना?"

"फार खूश आहेत. ऐका." मॅडम वाचू लागल्या. "'सोबतच्या हजेरीपत्रकावरून असे दिसते की, श्री. नाना हे रात्रंदिवस, एकही रजा न घेता, एकाच वेळी सव्वीस टेबलांवर कार्यरत आहेत. अशा कर्मचाऱ्यास निवृत्त केलेच कसे, याचा खुलासा करावा. त्यांना उपलब्ध असलेल्या कायम पदावर आजच्या आज सामावून घेण्यात यावे.'"

"हजेरीपत्रक? मॅडम, ती सेशनांची यादी आहे! तसं कळवा ना त्यांना!"

"कळवते. पण मग सव्वीस ठिकाणी कोण बसलं होतं, हेही कळवावं लागेल." मॅडमनी हळूच हातावरचा पासवर्ड बाहीखाली झाकला.

 कमांडरने घाबरत घाबरत विचारलं, "उपलब्ध कायम पदं किती आहेत, मॅडम?"

"एक."

ताईंचं काम सोपं होतं. ऑर्डर टाइप झालेलीच होती, फक्त नाव बदलायचं होतं. पाचला तीन मिनिटं कमी असताना ती मंजूर झाली, अर्थातच नानांच्या लॉगिनवरून. मंजूर करताना नाना ताईंच्या मागे उभे होते आणि म्हणाले, "हं."

कमांडरचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. त्याच्या कामावर देखरेख ठेवून शेरा देण्याची जबाबदारी नानांवर सोपवण्यात आली. खोल्या यादीतल्या पुढच्या माणसाला गेल्या. त्या संध्याकाळी बायकोने बांधलेल्या चादरी पुन्हा सोडल्या आणि सोफा पसरला.  काकूंनी मात्र कार्यालयाला आभाराचं पत्र पाठवलं. त्यांना मीठ सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता नाना इस्त्रीच्या सदऱ्यात येऊन कमांडरच्या शेजारी बसले. कमांडरने त्यांना लॉगिन करून दिलं, खुर्ची पुढे सरकवली, चष्म्याची काच पुसून दिली. नानांनी पडद्याकडे कौतुकाने पाहिलं आणि हात चोळले.

"बोल रे बाळ. आता तुझा साहेब म्हणून मी दिवसभर काय करायचं?"

कमांडरने हात जोडले.

"काही करू नका नाना. फक्त लॉग आउट करू नका!"